नकाराचा हातगुण

मामांच्या हाताला गुण आहे हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते आता कोणालाच आठवत नाही. मामांना आठवतं. ती कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची आई. तिला सहा दिवस ताप होता. सहाव्या दिवशी मामांनी पुडी दिली आणि सातव्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी तो तसाही उतरला असता, असं म्हणणारं माणूस त्या काळी दुकानात नव्हतं.

दुकान औषधांचं. रस्त्याकडे उघडं, आत नऊ फुटांचं काउंटर, काउंटरमागे छतापर्यंत खण आणि खणांना टेकलेली शिडी. भिंतीवर मालकांचं औषधनिर्माणशास्त्राचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत. शिकलेले मालक, पण ते मागे खुर्चीत पेपर वाचत, आणि पुढे मामा उभे. प्रमाणपत्र भिंतीवर आणि मामा काउंटरवर, ही वाटणी एकतीस वर्षं कोणाला खटकली नाही. प्रमाणपत्राकडे कोणी औषध मागत नाही.

मामांची खासियत म्हणजे दोन वेळची पुडी. गिऱ्हाईक समोर आलं की मामा चष्मा कपाळावर चढवत आणि त्याच्याकडे एकदाच बघत. मग कात्री. एका पट्टीतून दोन कॅप्सूल, अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या. दुसऱ्या पट्टीतून दोन पांढऱ्या गोळ्या. तिसरीतून दोन बारीक. सगळं कागदात घडी घालून पुढे. "जेवणानंतर घे. उद्या उठशील तो ठणठणीत."

यातली लाल-पिवळी म्हणजे अँटिबायोटिक. मामा ती तापाला देत, सर्दीला देत, दाढदुखीला देत. एका माणसाला नोकरीच्या मुलाखतीला जायच्या आधी घशाशी काहीतरी अडकल्यासारखं होत होतं, त्यालाही त्यांनी ती दिली होती, आणि त्याला नोकरी लागली. डॉक्टर जी कॅप्सूल पाच दिवस घ्यायला सांगतात ती मामांच्या पुडीत दोन वेळची असे, कारण पाच दिवसांचं मागतो कोण? दोन वेळांत बरं वाटलं नाही तर माणूस परत येतोच. जो परत आला नाही तो बरा झाला, असं मामांचं शास्त्र. तो समोरच्या दुकानात गेला असेल, किंवा आणखी कुठे गेला असेल, याला त्या शास्त्रात जागा नव्हती.

मग मालकांचे गुडघे गेले आणि सूनबाई आल्या.

सूनबाई म्हणजे मालकांच्या मुलाची बायको. मुलाला औषधांच्या वासानं लहानपणापासून मळमळायचं, म्हणून तो विमा कंपनीत. सुनेनं मात्र तेच शिक्षण घेतलं होतं जे सासऱ्यांनी घेतलं होतं. तिचंही प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, नव्या चौकटीत, आणि त्याच्यामागोमाग ती स्वतःही आली, ही दुकानाच्या इतिहासातली नवी गोष्ट. मामांनी तिचं स्वागत केलं आणि मदत करण्याच्या सुरात सुचवलं, "सूनबाई, तुम्ही फ्रिजकडच्या टोकाला उभ्या राहा. तिकडे पंखा लागतो." दाराकडचं टोक मामांचं राहिलं. आत येणारं गिऱ्हाईक आधी मामांना लागे. सूनबाईंपर्यंत जायचं तर मामांना ओलांडून जावं लागे, आणि एवढं धाडस कोण करणार?

पहिलं धाडस किल्ल्या बनवणाऱ्यानं केलं. मामा शिडीवर होते म्हणून.

"ताई, घसा धरलाय. ती लाल-पिवळी द्या दोन."

"डॉक्टरांची चिठ्ठी आहे?"

"चिठ्ठी कशाला? मामा मागत नाहीत."

"मग अँटिबायोटिक देता येणार नाही," सूनबाई म्हणाल्या. हे त्या मोठ्यानं आणि स्पष्ट म्हणाल्या, दुकानभर ऐकू जाईल असं. त्यानंतर काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून, त्या त्याच्याशी बराच वेळ काहीतरी बोलल्या. माणसाच्या दुखण्याची चौकशी शेजारच्या गिऱ्हाइकानं ऐकू नये, अशी त्यांची रीत होती. शिडीवरच्या मामांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. दिसलं एवढंच, की किल्लीवाला मिठाच्या पाण्यानं गुळण्या करण्याचा सल्ला घेऊन हात हलवत गेला.

संध्याकाळी मामा मालकांच्या घरी गेले. "मालक, सूनबाई हुशार आहेत. फारच हुशार आहेत. अशी हुशारी आणखी सहा महिने चालली तर समोरचा दुकानदार दुसरा मजला बांधेल."

मालक गुडघ्याला पट्टा बांधत म्हणाले, "मामा, मीही हेच शिकलो होतो हो. करायचं धैर्य झालं नाही. ती करतेय तर करू दे."

"आणि मी?"

मालकांनी आयुष्यात कोणालाच काही सांगितलं नव्हतं. दुकान इतकी वर्षं सुरळीत चाललं ते त्यामुळेच. "तुम्ही समजदार आहात," ते म्हणाले.

सूनबाई मात्र सांगायच्या. "मामा, त्या बाईंना दोनच कॅप्सूल दिल्यात. दोन कॅप्सूलनी जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाहीत."

"होऊ देत शहाणे," मामा म्हणाले. "या गल्लीत कोणीतरी व्हायलाच हवं."

तिसऱ्या दिवशी किल्लीवाला परत आला. मामांनी कात्री उचलली, पण तो मामांना ओलांडून, सरळ फ्रिजकडच्या टोकाला गेला. "ताई, तुम्ही सकाळी फोन केलात ना, म्हणून म्हटलं स्वतः येऊन सांगावं. घसा मोकळा झाला." जाताना तो मामांपाशी थांबला. डोळ्यांत पाणी होतं. "मामा, ताईंनी फोन करून विचारलं, कसं वाटतंय म्हणून. माझा सख्खा भाऊ फोन करत नाही."

"त्याचा नंबर बदलला असेल," मामा म्हणाले.

तेव्हा कळलं, की सूनबाई प्रत्येकाचा नंबर लिहून घेतात आणि तिसऱ्या दिवशी फोन करतात. मामांना हे पोरकट वाटलं. मग अन्यायकारक वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की गेल्या तासाभरात चार माणसं त्यांना ओलांडून पलीकडे गेली आहेत. पलीकडे सूनबाईंनी एक स्टूल ठेवलं होतं आणि माणसं त्यावर बसत होती. एकतीस वर्षांत मामांच्या टोकाला कोणी बसलं नव्हतं. बसावं लागेल इतका वेळ लागणारं मामांकडे काही नव्हतंच.

दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं, असं आपल्याकडे म्हणतात. मामांच्या मागच्या खणांत पोटदुखीच्या चौदा तऱ्हेच्या गोळ्या होत्या, पण या पोटदुखीची एकही नव्हती. त्यांना सूनबाईंचं पेन खुपायला लागलं. त्यांचं अक्षर खुपायला लागलं. गिऱ्हाईक बोलत असताना त्या मधूनमधून "हो का?" म्हणायच्या, ते तर फारच. मामांनी तो "हो का?" घरी आरशासमोर म्हणून बघितला.

"काय हो का?" मामी आतून म्हणाली.

"काही नाही."

"मग कशाला विचारताय?"

याच मामीनं पुढच्या आठवड्यात घाव घातला. मामा दुपारचं जेवून दुकानात परतले तर स्टुलावर मामी. गुडघ्यावर हात ठेवून सूनबाईंशी कुजबुजत होती. मामा गोठले. मामीही क्षणभर गोठली, आणि मग तिनं ठरवलं की आपण काही चोरी केलेली नाही.

घरी गेल्यावर जुंपली.

"एकतीस वर्षं सगळी गल्ली मला विचारते! आणि तू तिला विचारायला गेलीस?"

"गल्लीला तुम्ही दोन वेळचं देता. मला तेही नाही दिलंत."

"तू मागितलंस कधी?"

"तुम्ही विचारलंत कधी? तिनं विचारलं. कधी दुखतं, जिना चढताना की उतरताना, रात्री की सकाळी. मलाच माहीत नव्हतं इतकं काय काय दुखतं ते!" हे मामी असं म्हणाली, जणू तिला बक्षीस लागलं होतं.

मामा जेवले नाहीत. विचार करत बसले. सूनबाई असं काय करते, की माणसं भाळतात? देत तर काही नाही. लोक येतात, ती मोठ्यानं "नाही" म्हणते, लोक खूश होऊन जातात. म्हणजे जादू त्या "नाही"मध्ये असली पाहिजे. दाराकडच्या टोकापर्यंत पोचत होता तो एवढा एकच शब्द, आणि मामांनी तो उचलला.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक ट्रकचा ड्रायव्हर. नाक लाल, आवाज बसलेला.

"मामा, दोन वेळचं."

"नाही."

"काय नाही?"

"लाल-पिवळी नाही."

"संपली?"

"खण भरून आहे. तुला नाही."

ड्रायव्हर हबकला. "माझं काय चुकलं, मामा?"

मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच्याकडे एकदाच बघितलं. "तुला काहीही झालेलं नाही. सर्दी आहे. चार दिवसांनी ती जाईल. तोवर तू तिच्याआधी जायची घाई करू नकोस. गरम पाणी पी, झोप, नीघ."

ड्रायव्हर निघाला तो हसत. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळ्या गाडीतळावर सांगितलं, मामा म्हणाले मला काही झालेलं नाही. आणि चार दिवसांनी सर्दी, सर्दीच असल्यामुळे, गेली.

मामांच्या हातात पूर्वी जो गुण होता तो बघता बघता त्यांच्या नकारात उतरला. नकार द्यावा तर मामांनी, असं झालं. सूनबाईंच्या नकारात सौजन्य होतं. मामांच्या नकारात रंग होता. त्यांना सगळ्यांची घरं माहीत होती. "तुझ्या बापालाही असंच दर वर्षी मरायला व्हायचं. परवा ऐंशी पूर्ण केली त्यानं." "दाढ दुखते तर दाताच्या डॉक्टरकडे जा. माझ्याकडे येऊन माझं तोंड बघून ती थांबणार आहे का?" बाया नवऱ्यांना घेऊन येऊ लागल्या. "मामा, यांना जरा नाही म्हणा. सकाळपासून कण्हतायत." मामा नाही म्हणत आणि नवरा कण्हायचा थांबे. गल्लीत नवीन शहाणपण रूढ झालं: मामांनी दिलं नाही म्हणजे काळजीचं कारण नाही.

खणातली लाल-पिवळी आता जागची हलत नव्हती. औषध कंपनीचा माणूस चिंतेत पडला. सूनबाई मात्र मनापासून खूश झाल्या. "मामा, तुम्ही कमाल केलीत. मला सहा महिने लागले असते."

ही स्तुती मामांना लागली. आपण ज्याला हरवायला निघालो त्यानंच पाठ थोपटावी, यासारखा अपमान नाही. आणि त्याच दमात सूनबाईंनी पुढे विचारलं, "पण नाही म्हणायच्या आधी तुम्ही काय काय विचारता?"

"मला विचारावं लागत नाही. बघितलं की कळतं."

"दोन दिवस माझ्या बाजूला उभे राहता का? मी काय विचारते ते सांगते. आपण दोघांनी एकच विचारलं तर बरं."

"एकतीस वर्षं उभाच आहे, सूनबाई," मामा म्हणाले, आणि शिडीवर चढले. वर काही आणायचं नव्हतं.

शिंपी आला तो दिवस गर्दीचा होता. शिंपी दोन दुकानं सोडून बसायचा, मामांच्याच वयाचा. मामांच्या अंगातला शर्ट त्यानंच शिवलेला. बरोबर त्याची बायको. तीन दिवस ताप होता, खोकला होता, आणि तो उजव्या कुशीवर हात दाबून किंचित वाकडा चालत होता. मामांच्या टोकाला सात माणसं होती. सूनबाईंच्या टोकाला आठ. मामांनी नुकतीच मोजली होती.

"मामा, दोन वेळचं द्या," शिंपी म्हणाला.

"चिठ्ठी आहे?"

"चिठ्ठी कशाला? तुम्ही आहात ना."

"मी आहे म्हणूनच नाही."

सातही जण हसले. पलीकडच्या आठांपैकी दोघांनी माना वळवल्या. शिंप्यानंही हसायचा प्रयत्न केला. ते हसू मध्येच खोकल्यात गेलं आणि त्यानं कूस घट्ट धरली. "इथे टोचतं, मामा. श्वास घेतला की."

"दिवसभर मशीनवर वाकून बसतोस. बरगडी धरणार नाही तर काय? ताठ बस चार दिवस. दुसऱ्यांचे खांदे सरळ करतोस, कधी स्वतःचे कर." पुन्हा हशा. नऊ माणसं आता मामांकडे बघत होती. "तुला काही झालेलं नाही. नीघ."

शिंपीणबाईंचा जीव भांड्यात पडला. "ऐकलंत ना? मी म्हणत होते डॉक्टरांकडे जाऊ. वाचली फेरी!" आणि नवऱ्याला दंडाला धरून ती बाहेर पडली.

खोकला सूनबाईंनी ऐकला होता. स्टुलावरच्या माणसाला "एक मिनिट" म्हणून त्या काउंटरच्या आतून या टोकाला आल्या. तोवर दारात कोणी नव्हतं.

"मामा, आत्ता खोकत होते ते कोण?"

"शिंपी. माझं गिऱ्हाईक आहे."

"आवाज बरा नव्हता. काय सांगितलंत त्यांना?"

सूनबाई अजून स्टुलाकडे परतल्या नव्हत्या. आता त्या बाहेर जातील, शिंप्याला हाक मारतील, त्याला परत आणून आपल्या स्टुलावर बसवतील, आणि सात माणसं हे सगळं बघतील, हे मामांना अगदी स्वच्छ दिसलं.

"डॉक्टरकडे पाठवलाय," ते म्हणाले.

"बरं केलंत," सूनबाई म्हणाल्या आणि परत गेल्या.

खोटं बोलणं मामांना नवं नव्हतं. औषध दुकानात, खणात किती गोळ्या उरल्यात याबाबत गिऱ्हाइकाशी थोडं खोटं बोलावंच लागतं. पण "बरं केलंत" हे दोन शब्द त्यांच्याबरोबर घरी आले.

सकाळी शिंप्याचं दुकान बंद होतं. मामांनी स्वतःला सांगितलं, बायकोनं सक्तीनं विश्रांती दिली असणार. अकरा वाजता पुन्हा जाऊन बघितलं. बंद. परतले तेव्हा सूनबाईंच्या स्टुलावर एक वयस्क रखवालदार खोकत बसला होता. मामा फ्रिजपाशी गेले, दार उघडून आतल्या बाटल्या इकडच्या तिकडे करू लागले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या टोकाला इतके जवळ उभे होते. मोठ्या आवाजातला "नाही" त्यांनी शंभरदा ऐकला होता. त्याच्यापुढचं आज ऐकलं.

"श्वास घेताना कुशीत टोचतं का? नाही? चालताना धाप? बोलताना मध्येच थांबावं लागतं? थुंकीत रक्त?" मग घड्याळ काढून सूनबाई गप्प राहिल्या, त्याच्या छातीकडे बघत. पुरतं एक मिनिट. "ठीक आहे, काका. श्वास बरा आहे. पण हे लक्षात ठेवा: मी गोळी दिली नाही म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही, असं नाही. यातलं एक जरी सुरू झालं तर तडक दवाखान्यात जायचं. चिठ्ठीवर लिहून देते. परवा फोन करते."

फ्रिजचं दार उघडंच राहिलं. मामा दुकानाबाहेर पडले होते.

शिंपी दुकानाच्या वरच राहायचा. जिना अरुंद, कडेनं कापडाचे तागे. मामा वर पोचले तेव्हा शिंपी भिंतीला दोन उशा लावून बसला होता. ओठ काळसर. "मामा... तुम्ही..." एवढं म्हणून तो थांबला, पुढचे शब्द आणण्यापुरता श्वास गोळा करत.

शिंपीणबाई चहा टाकायला निघाली. "तुम्ही कशाला त्रास घेतलात? तुम्ही म्हणालात काही नाही, म्हणून तर आम्ही निवांत आहोत. रात्रभर झोपले नाहीत, पण काळजी नाही."

मामांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, हातात धरलं आणि शिंप्याच्या छातीकडे बघत मिनिटाचे श्वास मोजले. चौतीस. हा आकडा त्यांच्या हातात आला, पण त्याचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. चौतीस म्हणजे फार? म्हणजे थोडं? एकतीस वर्षांत कोणाचे मोजले नव्हते. आणि हे सांगू शकेल असं गल्लीत एकच माणूस होतं.

मामांनी दुकानात फोन लावला.

"सूनबाई. एका मिनिटात चौतीस. हे जास्त आहे का?"

"खूप जास्त. कोणाचे?"

"शिंप्याचे."

"त्यांना काल डॉक्टरकडे पाठवलं होतंत ना?"

शिंपीणबाई कपबशी घेऊन दारात उभी होती. शिंपी बघत होता. मामांनी भिंतीकडे तोंड केलं, त्यानं काही फरक पडला नाही. खोली लहान होती.

"नाही पाठवलं," मामा म्हणाले. "खोटं बोललो."

"गाडी घेऊन येते. त्यांना बसवूनच ठेवा, आडवं करू नका." एवढंच. पुढे एक शब्द नाही. मामांना वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. निदान तिचं काहीतरी वाईट सापडलं असतं.

न्यूमोनिया. उजवं फुफ्फुस अर्धं भरलेलं. शिंपी अकरा दिवस रुग्णालयात होता. पहिलं अँटिबायोटिक लागू पडलं नाही. तिसऱ्या दिवशी बदलावं लागलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी शिंपीणबाईंना विचारलं, याआधी अशा कॅप्सूल कधी घेतल्या होत्या का? "मोजल्या नाहीत हो," ती म्हणाली, "पण सर्दी झाली की घ्यायचेच. आमच्या मामांच्या हाताला गुण आहे ना." आणि तिनं अभिमानानं मामांकडे बोट दाखवलं. मामा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं.

बरा झाल्यावर शिंपी दुकानात आला. शर्ट अंगात दोन बोटं सैल. शिंप्याला ते सहन होत नव्हतं, तो सारखा बाह्या ओढत होता. दुकान भरलेलं. तो दारातच थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "या माणसानं मला वाचवलं. जिना चढून घरी आले. छातीकडे बघितलं आणि ओळखलं. कोणी करतं का हो इतकं?"

सगळे मामांकडे वळले. फ्रिजकडच्या टोकाला सूनबाई कोणाच्या तरी गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. एक शब्दही बोलल्या नाहीत. मामांना त्यांच्या पेनाचा हेवा वाटला होता, अक्षराचा वाटला होता, पण या गप्प बसण्याचा वाटला तसा कशाचाच वाटला नाही. हे आपल्याला कधी जमलं नसतं. आपण तिच्या जागी असतो तर तेव्हाच, तिथेच, भरल्या दुकानासमोर सगळं ओकलो असतो.

"मी वाचवलं नाही," मामा म्हणाले. "मी घरी पाठवलं. तुला दवाखान्यात पाठवायला हवं होतं, तर मी लोकांना हसवत बसलो. या सूनबाईंनी विचारलं, तर खोटं सांगितलं. वाचवलं यांनी."

मग किल्लीवाला हळूच शेजाऱ्याला म्हणाला, "बघा. माणूस किती मोठा आहे." शेजाऱ्यानं मान डोलावली. शिंप्याचे डोळे भरून आले.

मामांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा सांगितल्यावर त्यांचा विनय आणखी वाढला. तिसऱ्यांदा सांगायचं त्यांनी सोडून दिलं.

गर्दीतून शाळेतल्या शिक्षिका पुढे आल्या. नाक पुसत, खोकत, घाईत. "मामा, मला पटकन नाही म्हणा. घंटा व्हायची वेळ झालीय."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. बघितलं. पुन्हा बघितलं. बाई खोकत होत्या. खोकणाऱ्या माणसात एका नजरेत काय दिसतं हे त्यांना आता नक्की सांगता आलं नसतं.

"अहो सूनबाई," मामा म्हणाले, दुकानभर ऐकू जाईल असं. "जरा इकडे या. मला कळत नाहीये."

"तुम्हीच सांगा की, मामा," शिक्षिका म्हणाल्या. "तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

"मला कळत नाही म्हणतो ना. थांबा. उशीर झाला तर होऊ दे."

सूनबाई आल्या. हळू आवाजात सगळं विचारलं, घड्याळ लावून मिनिटभर मोजलं. मामा खांद्याला खांदा लागेल इतके जवळ उभे राहून ऐकत होते, ओठ हलवत. सर्दीच होती. शिक्षिका सूनबाईंचे आभार मानून निघाल्या. मामांकडे बघायचंही त्यांना सुचलं नाही, आणि मामांच्या पोटात सवयीनं दुखलं.

"एक विचारायचं राहिलं तुमचं," ते म्हणाले.

"काय?"

"घरी कोण आहे ते. बहीण होती, ती गेल्या वर्षी गेली. बाई एकट्या असतात. धाप लागली तर त्यांना डॉक्टरकडे जायला सांगणारं कोणी नाही. त्यांना परवा नको, उद्याच फोन करा."

सूनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "हे मला माहीत नव्हतं."

"कसं असणार?" मामा म्हणाले, आणि फार दिवसांनी मोकळेपणानं पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. "हं, तुला काय होतंय? सावकाश सांग. सगळं सांग."